पहिला कॅमेरा निवडताना

दसरा-दिवाळीच्या खरेदीत, मुलांच्या परीक्षेतील यशानंतर अथवा सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर अनेक घरांत कॅमेरा घेण्याचा विचार डोके वर काढतो. हातातील मोबाइल सुरेख छायाचित्रे काढतो हे खरे. पण दूरच्या फांदीवरील पक्षी त्यात केवळ ठिपका होऊन राहतो, आणि सायंकाळच्या मंद उजेडात धावणारे नातवंड अस्पष्ट उमटते. मग हौशी मनाला स्वतंत्र कॅमेऱ्याची ओढ लागते. दुकानात मात्र आकड्यांचा भडिमार सुरू होतो आणि ग्राहक गोंधळून जातो. मोठी रक्कम मोजून आणलेली वस्तू वर्षभरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात विसावल्याची उदाहरणे थोडी नाहीत. बहुधा त्याचे कारण एकच असते : या कॅमेऱ्याने टिपायचे काय, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलाच गेलेला नसतो.

आकड्यांचा मोह

१९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा सिद्ध केला. त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. आज नवशिक्यांसाठी असलेल्या सामान्य कॅमेऱ्यातही सुमारे दोन कोटी चाळीस लाख बिंदू, म्हणजेच २४ मेगापिक्सेल असतात. प्रत्यक्षात गरज किती? ४×६ इंचांची उत्तम छापील प्रत काढण्यास सुमारे २२ लाख बिंदू पुरतात. भिंतीवर लावण्याजोग्या ८×१२ इंचांच्या प्रतीला सुमारे ८६ लाख. मेगापिक्सेलची स्पर्धा हौशी माणसापुरती केव्हाच संपली आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे सेन्सरचा, म्हणजे प्रकाश ग्रहण करणाऱ्या पटलाचा आकार. मोठ्या झूमचे आकर्षण दाखवणाऱ्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांत हे पटल केवळ ६.२×४.६ मिलिमीटरचे असते. एपीएस-सी प्रकारच्या कॅमेऱ्यात ते सुमारे २३.५×१५.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ तेरापट असते. कमी उजेडातील चित्र स्वच्छ येते ते या विस्तारामुळे. पहिला कॅमेरा म्हणून एपीएस-सी हा आकार, किमतीचा आणि गुणवत्तेचा मेळ पाहता, बहुतेकांना योग्य ठरतो.

आधी विषय, मग भिंग

कॅमेऱ्याची कंपनी निवडणे म्हणजे तिच्या भिंगांचे घराणे निवडणे होय, कारण एका कंपनीचे भिंग सहसा दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. कॅमेरा काही वर्षांनी बदलतो, चांगले भिंग मात्र दीर्घकाळ साथ देते. म्हणून सारी रक्कम कॅमेऱ्यावर न संपवता तिचा काही भाग भिंगासाठी राखावा.

कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटर किंवा तत्सम भिंग मिळते. प्रवास, निसर्गदृश्ये आणि कुटुंबाची एकत्र छायाचित्रे यांसाठी ते पुरेसे असते. कॅननचे असे भिंग सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावरील वस्तूही स्पष्ट टिपते; त्यामुळे पावसाळ्यानंतर कासच्या पठारावर गेलेल्या नवशिक्याला केवळ फुलांसाठी वेगळे भिंग घेण्याची घाई नसते. वेरूळच्या लेण्यांतील अंधुक प्रकाशातही हे भिंग कामास येते. इंद्रसभेतील शिल्पे स्थिर असतात. भिंगातील कंपनरोधक यंत्रणेच्या आधाराने शटर सेकंदाचा दहावा भाग उघडे ठेवले तरी हाताचा कंप चित्रात उतरत नाही. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि अनेक मंदिरांच्या गाभाऱ्यात तर छायाचित्रणच निषिद्ध असते. तेथील मर्यादा पाळणे हा या छंदाचा पहिला धडा मानावा.

घरातील समारंभ आणि लहान मुले हा विषय असेल तर गणित बदलते. हालणाऱ्या माणसाला कंपनरोधक यंत्रणा थांबवू शकत नाही; तेथे शटरचा वेग हवा आणि त्यासाठी अधिक प्रकाश हवा. ५० मिलिमीटर, एफ १.८ हे छोटे व तुलनेने स्वस्त भिंग एफ ५.६ च्या मानाने नऊ ते दहा पट प्रकाश आत घेते. हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीवर येणारे रोहित पक्षी टिपायचे असतील तर किमान ३०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारे भिंग लागेल. तिन्ही छंद एकाच खरेदीत भागवण्याचा अट्टहास न धरता ज्याची ओढ सर्वाधिक, त्यापासून आरंभ करावा.

आरसा असलेला की नसलेला?

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशाच्या साह्याने दृश्य प्रत्यक्ष दिसते आणि बॅटरीही दीर्घकाळ टिकते. मिररलेस कॅमेरा हलका असतो व चित्र कसे येणार हे आधीच दाखवतो. कॅनन व निकॉन या कंपन्यांनी नवी निर्मिती प्रामुख्याने मिररलेसकडे वळवली आहे. त्यामुळे नवा कॅमेरा घेणाऱ्याने कॅनन आर ५० किंवा निकॉन झेड ५० यांसारख्या मिररलेस कॅमेऱ्यांचा विचार आधी करावा. निकॉन झेड ३० मध्ये डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही. भर उन्हात छायाचित्रे काढणाऱ्याने ही बाब लक्षात घ्यावी.

रक्कम मर्यादित असेल तर वापरलेला डीएसएलआर हा उत्तम मार्ग आहे. मात्र घेताना भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना हे पाहावे, शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद विचारावी आणि पक्के बिल मागावे. कोकणासारख्या दमट हवेत कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे हिताचे.

संपादन : मूळ प्रत अबाधित

कॅमेऱ्यात चित्र जेपीईजी किंवा रॉ या स्वरूपात साठवता येते. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात. रॉमध्ये कॅमेऱ्याप्रमाणे ४,०९६ ते १६,३८४. सावलीत काळवंडलेला चेहरा नंतर उजळता येतो तो या अधिकच्या नोंदीमुळे.

संपादनासाठी आरंभीच पैसे मोजण्याचे कारण नाही. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ हे प्रोग्रॅम त्या त्या कॅमेऱ्याच्या मालकांना विनामूल्य मिळतात व शिकण्यास सोपे आहेत. पुढचे पाऊल म्हणून डार्कटेबल आणि गिंप ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवर मिळतात. लाइटरूमलाही आता वर्गणी भरावी लागते. महिन्यातून दोनदा संगणक उघडणाऱ्याला हा खर्च परवडतो का, याचा विचार त्याने करावा.

साधन कोणतेही असो, क्रम सारखाच असावा : क्षितिज सरळ करणे, अनावश्यक भाग कापणे, रंगांचा तोल साधणे, शेवटी उजेड व सावली सुधारणे. डार्कटेबल व लाइटरूम मूळ चित्राला हात न लावता बदलांची नोंद वेगळी ठेवतात. याउलट, जेपीईजी चित्र पुनःपुन्हा बदलून त्याच नावाने साठवल्यास प्रत्येक वेळी त्यातील तपशील थोडा थोडा झिजतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे चित्र म्हणून पाठवलेली प्रतही संकुचित झालेली असते. तिला मूळ समजून कॅमेऱ्यातील चित्र पुसून टाकू नये.

आजी-आजोबांच्या विवाहाचे कृष्णधवल छायाचित्र अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी आजही सुरक्षित आहे. दहा वर्षांपूर्वीच्या सहलीची शेकडो चित्रे मात्र बंद पडलेल्या हार्ड डिस्कबरोबर गेलेली असतात. म्हणून कॅमेऱ्याच्या खर्चातच बाहेरच्या डिस्कची तरतूद असावी. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम सांभाळावा. वर्षाअखेरीस निवडक पन्नास चित्रे छापून, मागे नाव, स्थळ आणि तारीख लिहून संग्रहात लावावीत. नातवंडे मोठी होतील तेव्हा त्यांना चित्रातील माणसे ओळखता येतील ती त्या चार शब्दांमुळे.