अवजार कोणाच्या हाती जाणार?

सुधारित अवजारे, धूर कमी करणाऱ्या चुली, धान्याच्या कोठ्या, फवारणीचे पंप अशा कितीतरी वस्तू गेल्या काही दशकांत निरनिराळ्या योजनांद्वारे खेडोपाडी पोहोचल्या. त्यांपैकी काही घरोघरी रुजल्या. काही मात्र अनुदान संपताच पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. अशा वेळी "लोकांना नवे पटत नाही" असा अभिप्राय नोंदवून प्रकरण बंद करण्याची प्रथा आहे. हा अभिप्राय लिहावयास सोपा असला, तरी तो बहुधा खरा नसतो. वस्तू तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो आणि ती वस्तू प्रत्यक्षात दुसऱ्याच माणसाच्या हाती जाते. अपयशाचे मूळ अनेकदा येथे असते.

हे टाळण्यासाठी वस्तूंची रचना करणाऱ्या तज्ज्ञांनी एक पद्धत प्रचारात आणली आहे. तिला 'युजर पर्सोना' असे म्हणतात. आपण तिला वापरणाऱ्याचे व्यक्तिचित्र म्हणू. अमेरिकेतील संगणक-प्रणालींचे रचनाकार ॲलन कूपर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथातून ती प्रसिद्धीस आणली. कल्पना साधी आहे. वस्तू 'सर्वांसाठी' म्हणून करावयाची नाही. ज्यांच्यासाठी ती करावयाची त्यांना भेटावयाचे, त्यांचे काम पाहावयाचे आणि त्या माहितीवरून एक विशिष्ट माणूस कागदावर उभा करावयाचा. त्याला नाव, वय, घर, मिळकत, सवयी आणि अडचणी द्यावयाच्या. रचनेसंबंधी जो प्रश्न उपस्थित होईल तो या माणसासमोर ठेवून सोडवावयाचा. माणूस काल्पनिक असतो. त्याच्याविषयीची माहिती मात्र काल्पनिक असता कामा नये.

ही पद्धत संगणकाच्या जगातून आली असली, तरी तिचे मर्म समजून घेण्यासाठी तितके दूर जाण्याचे कारण नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी असलेल्या हैदराबाद शहराजवळच त्याचे उत्तम उदाहरण सापडते.

हैदराबादच्या वायव्येस पटणचेरू येथे १९७२ साली आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क कटिबंधीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली. 'इक्रिसॅट' या नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. कोरडवाहू शेतीची पिके सुधारणे हे तिचे काम. परंतु संशोधन ज्याच्यासाठी करावयाचे तो कोरडवाहू शेतकरी नेमका कोण, हा प्रश्न तेथील अर्थशास्त्रज्ञांना पडला. म्हणून १९७५ साली त्यांनी सहा गावांचा सखोल अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी औरेपल्ले व डोकूर ही दोन गावे महबूबनगर जिल्ह्यातील होती. उरलेली चार आपल्या महाराष्ट्रातील: सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा.

प्रत्येक गावात ४० कुटुंबे निवडण्यात आली: १० भूमिहीन मजुरांची, १० लहान, १० मध्यम आणि १० मोठ्या शेतकऱ्यांची. 'लहान' कोणास म्हणावे, हे सर्व गावांना एकच माप लावून ठरविले नाही. ते त्या त्या गावापुरते ठरविले. हा बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. बेभरवशाच्या पावसावर अवलंबून असलेल्या सोलापूरकडील पाच एकर आणि त्याहून खात्रीचा पाऊस पडणाऱ्या अकोल्याकडील पाच एकर यांत पुष्कळ अंतर असते. माहिती घेणारे अन्वेषक गावातच राहत. साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी ते प्रत्येक घरी जात आणि कोणी किती दिवस काम केले, बैल कोणाचे आणले, धान्य किती विकले, कर्ज कोठून काढले, याची नोंद करीत. अशा नोंदी सुमारे दहा वर्षे चालल्या. २००१ मध्ये हे काम पुन्हा सुरू झाले आणि पुढे अधिक गावांत विस्तारले.

या नोंदींनी काही पक्के समज मोडीत काढले. गरीब शेतकरी भित्रा असतो आणि म्हणून तो नवे बियाणे किंवा खत वापरीत नाही, असे पुष्कळांना वाटते. अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी ही समजूत तपासून पाहिली. गावकऱ्यांपुढे त्यांनी नाणेफेकीचे खेळ मांडले आणि त्यांत खऱ्या पैशाचे बक्षीस ठेवले. सुरुवातीस ती रक्कम काही पैशांची होती. पुढे ती बऱ्याच दिवसांच्या मजुरीएवढी झाली. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्कम मोठी झाली की गरीब काय आणि सधन काय, बहुतेक सर्वच माणसे बेताने सावध वागतात. दोघांच्या शेतीत जो फरक दिसतो तो वृत्तीतील फरकामुळे नव्हे, तर कर्ज, साधने आणि सोयी यांच्या अभावामुळे पडतो. व्यक्तिचित्र लिहिताना 'स्वभाव: जुन्या वळणाचा' अशी ओळ लिहून मोकळे होणाऱ्यांनी हा निष्कर्ष अवश्य ध्यानात ठेवावा.

आता त्याच संस्थेतील दुसरी गोष्ट पाहू. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती खरिपात पडीक ठेवून रब्बीत पेरण्याची रीत होती. पटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी रुंद वरंबा व सरी ही पद्धत बसविली. सुमारे दीड मीटर अंतरावर सऱ्या पाडावयाच्या, जादा पाणी सरीतून काढून द्यावयाचे आणि वरंब्यावर दोन्ही हंगामांत पीक घ्यावयाचे. संस्थेच्या प्रक्षेत्रावर १९७६ पासून चाललेल्या प्रयोगांत जुन्या पद्धतीच्या तुलनेत धान्याचे उत्पन्न सुमारे पाचपट आले. वरंबे पाडण्यासाठी बैलांनी ओढावयाचे दोनचाकी बहुउद्देशी यंत्र घेण्यात आले. फ्रेंच रचनाकार ज्याँ नोल यांनी आफ्रिकेतील कामातून सिद्ध केलेल्या 'ट्रॉपिकल्टर' या यंत्राचा त्यासाठी आधार घेतला होता. एकाच चौकटीला नांगर, सरी पाडण्याचे फाळ, पेरणीयंत्र, कोळपे असे सर्व जोडता येई. वर बसून ते चालविता येई. आणि मोकळ्या दिवसांत त्याची गाडी होई. कागदावर याहून सोयीची वस्तू सुचणे कठीण. काही राज्यांनी त्यासाठी मोठे अनुदानही दिले.

पॉल स्टार्की यांनी १९८८ मध्ये जगभरातील अशा चाकाच्या यंत्रांचा आढावा प्रसिद्ध केला. सुमारे १०,००० यंत्रे तयार झाली होती, ४५ हून अधिक नमुने निघाले होते. परंतु बहुउद्देशी अवजार म्हणून ती अनेक वर्षे वापरणारे शेतकरी जवळजवळ कोठेच आढळले नाहीत. बहुतेक यंत्रे टाकून दिलेली होती, किंवा त्यांचा उपयोग फक्त गाडी म्हणून होत होता. किंमत जास्त, वजन जास्त, लहान वावरात वळविणे अवघड आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर नेताना करावी लागणारी जुळणी किचकट, ही त्याची कारणे. यंत्र उत्तम होते, यात शंका नाही. तपशिलाने भरलेल्या सहा गावांच्या वह्या आणि हे यंत्र एकाच आवारात होते, ही गोष्ट मात्र मनाला चुटपुट लावते.

येथे व्यक्तिचित्राचा उपयोग कसा झाला असता, ते करून पाहू. सोलापूरकडील कोरडवाहू भागातील एक शेतकरी कल्पू आणि त्याला रामभाऊ म्हणू. वय पंचेचाळीस. सहा एकर जमीन, तीही तीन तुकड्यांत. स्वतःचा बैल एकच. दुसरा भाऊबंदाकडून सावडीने येतो, म्हणून वाफशाचे जे तीन-चार दिवस मिळतात त्यांतील निम्मे भावाच्या रानात जातात. रब्बी ज्वारी हे मुख्य पीक. धान्य घरात खावयाचे आणि कडब्यावर जनावरे जगवावयाची. पाभर व कोळपे गावच्या सुताराने केलेले. मोडले तर त्याच संध्याकाळी दुरुस्त होते. हाती रोख रक्कम ज्वारी निघाल्यानंतरच येते. रामभाऊची इच्छा काय? 'आधुनिक शेती' ही नव्हे. वाफसा निघून जाण्यापूर्वी तिन्ही तुकडे पेरून व्हावेत, एवढीच.

या माणसासमोर यंत्र उभे करा. दुसरा बैल भावाचा. भाऊ त्याला या ओझ्याला जुंपू देईल काय? बांधावरून ते दुसऱ्या तुकड्यात कसे जाईल? पेरणीच्या सकाळी एखादा बोल्ट मोडला तर तालुक्याला जाऊन येईपर्यंत वाफसा थांबेल काय? वर्षातून किती दिवस ते कामी येईल, आणि त्या दिवसांवर किमतीचा भार किती पडेल? वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्न यांत कोठेच येत नाही. पाऊस व जमीन ज्यांना अनुकूल होती असे शेतकरी याहून निराळे. त्यांचे चित्र निराळे काढावे लागेल. दोन्ही चित्रांची बेरीज करून 'सरासरी शेतकरी' बनविला, तर तो कोणत्याच गावात भेटणार नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० च्या सुमारास ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. विमानातील आसन सरासरी मापाचे करावे, असा विचार होता. प्रत्यक्षात दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारा एकही वैमानिक निघाला नाही.

व्यक्तिचित्र एकच पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. पैसे देणारा एक, हाताळणारा दुसरा आणि परिणाम भोगणारा तिसरा असे वारंवार घडते. पाभर हाकणारा पुरुष असला, तरी अनेक ठिकाणी चाड्यावर मूठ धरणारी बाई असते. सोलापूरकडे ज्याला कोळपे म्हणतात आणि अकोल्याकडे डवरा, ते फिरल्यानंतर उरलेले तण काढणाऱ्या बहुतेक मजूर स्त्रियाच असतात. इक्रिसॅटमधील बिन्सवांगर व शेट्टी यांनी १९७७ मध्ये तणनियंत्रणाच्या अर्थकारणाचा अभ्यास केला. तणनाशकाने ज्यांची मजुरी जाईल त्या सर्वांत गरीब स्त्रिया आहेत आणि त्या परिस्थितीत खुरपणीच स्वस्त पडते, असे त्यांनी दाखविले. खुरपणीच्या मजुरीवर भाद्रपदातला किराणा आणणारी बाई ज्या चित्रमालिकेत नाही, ती मालिका अपुरी समजावी. ज्वारीच्या नव्या वाणाचेही तेच. दाण्याचे उत्पन्न मोजणाऱ्याच्या वहीत भाकरी थापणारी आणि जनावरांपुढे वैरण टाकणारी नसेल, तर मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी लोक का सोडीत नाहीत, हे त्याला उमगत नाही. तिची भाकरी गोड लागते आणि कडबा चांगला होतो.

असे चित्र तयार करताना काय पाहावे, याविषयी थोडेसे. कार्यालयात बसून लिहिलेले चित्र लिहिणाऱ्यासारखेच निघते. त्यातील शेतकरी वर्तमानपत्र वाचतो आणि योजनांची मुदत लक्षात ठेवतो. म्हणून निदान आठ-दहा घरी जावे आणि एकदाच नव्हे तर पेरणीत, सुगीत व उन्हाळ्यात जावे. "तुम्हाला काय हवे?" असे विचारल्यास बहुधा पाहुण्याला आवडेल असे उत्तर मिळते. त्याऐवजी काल दिवसभर काय केले, शेवटचे अवजार केव्हा व का टाकून दिले, ते विचारावे. चित्र एका पानाहून मोठे नसावे. आवडता रंग, आवडता नट असा मजकूर काही पुस्तकांत सुचविलेला असतो. ज्यामुळे रचनेतील एकही निर्णय बदलत नाही तो मजकूर गाळावा. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या घरी पाहिले याची खूण वहीत असावी, नाव मात्र खऱ्या माणसाचे कधीही घालू नये.

शाळेतील शिक्षकांना हा प्रयोग सहज करता येईल. वरच्या वर्गातील मुलांनी आपल्याच गावातील पाणी भरण्याच्या साधनाविषयी तीन व्यक्तिचित्रे लिहावीत: ते विकत घेणाऱ्याचे, रोज उचलणाऱ्याचे आणि दुरुस्त करणाऱ्याचे. ग्रामसेवकांनी अर्जाचा नमुना घेऊन हेच करण्यास हरकत नाही. अर्ज हीसुद्धा वापरावयाची वस्तूच आहे, आणि तो कोणाकडून भरून घ्यावा लागतो याचा शोध घेतल्यास नमुन्यातील काही रकाने कमी करावेसे वाटतील.

रुंद वरंबा व सरी पद्धतीचे पुढे काय झाले, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. ती नाहीशी झाली नाही. 'बीबीएफ' या नावाने ती आज महाराष्ट्रात सोयाबीनच्या शेतीत प्रचारात आहे, मात्र आता यंत्र ट्रॅक्टर ओढतो. पुष्कळ शेतकरी ते विकत घेत नाहीत, एकरी भाड्याने लावतात. म्हणजे रामभाऊला बैलाची जोडी जमविण्याची चिंता उरली नाही. पण त्याच्या वावरात यंत्र केव्हा येणार हे आता दुसराच ठरवितो. तो आहे ट्रॅक्टरचालक. त्याला दिवसात जास्तीत जास्त एकर उरकावयाचे असतात. तीन तुकड्यांचे रान त्याला नकोसे असते, आणि बियाण्याचे माप बदलण्यासाठी मध्येच थांबणे म्हणजे त्याच्या मजुरीला कात्री. त्याचे व्यक्तिचित्र अद्याप फारसे कोणी लिहिलेले दिसत नाही. येत्या मृगात ज्या गावी हे यंत्र उतरेल, तेथील कृषी सहायकांनी त्याच्या शेजारी बसून एक दिवस काढावा आणि यंत्र कोठे थांबते व कोणाच्या बांधावरून परत फिरते, याची नोंद करावी.