एअरलाइनच हवी का?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर स्टार एअर दिसते. संजय घोडावत समूहाची, म्हणजे आपल्याकडचीच ही कंपनी २०१९ मध्ये सुरू झाली. साहजिकच वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोरांना एअरलाइन खुणावते, आणि बढतीची शिडी तिथेच सर्वांत स्पष्ट असते. पण २०० तासांच्या उड्डाणानंतर मिळणाऱ्या सीपीएलवर, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्यावर, इतरही वाटा आहेत. प्रशिक्षक झालात, तर शिकवता शिकवता स्वतःचे तास वाढतात. कॅप्टनला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी १५०० तास हवेतच. चार्टर म्हणजे भाड्याच्या विमानांचं वेळापत्रक गिऱ्हाइकाच्या हाती. निवडणुकीत तर विचारूच नका! जुहूहून बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी पवनहंसची हेलिकॉप्टरं उडवायला परवानाच वेगळा लागतो. वाट कुठलीही धरा, फ्लाइंग क्लबची फी भरण्याआधी क्लास २ आणि क्लास १ मेडिकल उरकून घ्या.