नव्या बंदुकीची पारख : माळ्यावर चढण्यापूर्वी

कणसांत दूध भरू लागले म्हणजे रानडुकरांस निराळे आमंत्रण द्यावे लागत नाही. एका रात्रीत मक्याचा वाफाच्या वाफा आडवा होतो, आणि खाल्ले त्याहून तुडविलेले अधिक असते. याच सुमारास ज्यांस पीकसंरक्षणाचा परवाना नव्याने मिळालेला असतो, असे शेतकरी बंधू दुकानातून बंदूक आणितात, तीस हळदकुंकू वाहतात आणि त्याच रात्री माळ्यावर चढतात. नळी जनावरावर रोखण्यापूर्वी ती कागदावर रोखावी, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ठाऊक असले तरी काडतुसांची किंमत आड येते.

आमची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. परवान्याच्या अर्जासोबतचे सातबाराचे उतारे व तलाठ्यांचे अहवाल आमच्या टेबलावरून पुढे जात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. तिने भागत नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. आमच्याच गावच्या एका गृहस्थांच्या अर्जावर ‘कागदपत्र पूर्ण’ असा शेरा आम्हीच लिहिला होता. बंदूक रोखल्या ठिकाणी मारते काय, असा रकाना त्या अर्जात नव्हता.

या गृहस्थांनी वनखात्याची लेखी परवानगीही घेतलेली होती. पहिल्याच रात्री तीस वारांवरून त्यांनी डुकराच्या खांद्यावर नेम धरिला. बार बसला मागील पायावर. जनावर लंगडत शेजारच्या उसात शिरले, आणि सकाळी तेथे पाचट काढावयास गेलेल्या बाईची मांडी त्याने फाडली. बाई वाचली, परंतु पुढे दोन सुगी तिला रोजगारास जाता आले नाही. त्या घरावरून जाताना आम्हांस आमचा तो शेरा आठवे.

पुढे आम्ही दोघांनी मिळून ती बंदूक तपासली. ती पद्धत येथे देतो.

प्रथम पोलीस ठाण्यास कळवावे व परवान्यावर लिहिलेले क्षेत्र नीट वाचावे. जागा अशी निवडावी की निशाणामागे ओढ्याची उंच मातीची दरड असेल. खडकाळ टेकाड कामाचे नाही. गोळी दगडावरून उसळून कोणीकडे जाईल याचा नेम नसतो. नळीतील तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे, कारण तेलकट नळीचा पहिला बार पुढल्या बारांशी जुळत नाही. वर्तमानपत्राचे दोन ताव जोडून मध्ये कोळशाने वाटीएवढा ठिपका काढावा व पंचवीस वार मोजून उभा करावा. वाळूने अर्धवट भरलेल्या पोत्यावर बंदुकीचे पुढचे लाकूड टेकावे. नळी मात्र कशावरही टेकू नये; टेकली तर बार सुटताना ती उसळते आणि तपासणी फुकट जाते.

आता तीन बार सावकाश टाकावे. एका बारावरून निर्णय करणे म्हणजे एका पावसावरून पेरणी करणे होय. तिन्ही बारांचा मध्य काढावा. आमच्या शेजाऱ्यांच्या कागदावर तो ठिपक्याच्या डावीकडे व वीतभर खाली आला. दोष नळीचा नव्हता. या बंदुकीस पुढे केवळ माशी असते. मागचे निशाण म्हणजे मारणाराचा डोळाच. डोळा जिकडे सरके तिकडे बार सरकतो. गृहस्थ गाल दस्त्यावर इतका दाबीत की डोळा खाली जाई, आणि मान आखडल्यामुळे तो नळीच्या रेषेवर न येता डावीकडे राही. दस्त्याच्या माथ्यावर चामड्याची पट्टी बांधून तो किंचित उंच केला व मान सरळ ठेवावयास लाविली. पुढील तीन बार ठिपक्याच्या आसपास आले. (त्यांच्या चिरंजीवांनी तीच बंदूक धरिली तेव्हा बार पुन्हा वर गेले. तपासणी बंदुकीची नव्हे, बंदूक व माणूस या जोडीची असते.)

मोठ्या छऱ्यांचे काडतूस वापरणे असल्यास पंचवीस, तीस व चाळीस वारांवर निरनिराळे कागद लावावे. ज्या अंतरावर निम्मे छरेही डुकराच्या छातीएवढ्या जागेत येत नाहीत, त्याच्या आतच आपली हद्द समजावी. प्रत्येक नळीची हद्द निराळी असते. शेजाऱ्याची आपल्याला लागू नाही. एकच गोळी मारणे असेल, तर नळीचे तोंड आकसलेले आहे काय हे बंदूकदुरुस्तीवाल्याकडून पाहून घ्यावे. तोंडातून मोकळी न जाणारी गोळी नळी फोडील.

निवडणुकीच्या काळात बंदुका पुष्कळदा ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेथून परत आलेल्या बंदुकीसही हीच तपासणी नव्याने द्यावी. दस्ता सैल झालेला, माशी वाकलेली आम्ही पाहिली आहे.

काळविटाचे व इतर हरिणांचे कळपही पिकांत येतात, पण त्यांच्यावर नळी रोखू नये. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमात काळवीट पहिल्या परिशिष्टात आहे. रानडुकरासही अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागतेच.

त्या गृहस्थांनी एकंदर अकरा काडतुसे खर्च केली, आणि घरातून त्याबद्दल बोलणीही खाल्ली. नंतर माळ्याभोवती पंचवीस वारांवर चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या. चांदण्यात त्या दिसतात. खुंट्यांच्या पलीकडे डुक्कर उभे असले की ते बंदूक खाली ठेवितात आणि पत्र्याचा डबा वाजवितात.