निदान ते उपचार : मधले दिवस मोलाचे

मुख, जीभ, घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगांना वैद्यकशास्त्रात 'डोके व मान यांचे कर्करोग' असे एकत्रित नाव आहे. भारतीय पुरुषांत मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे. तंबाखू व गुटखा ही कारणे सर्वश्रुत आहेत. परंतु नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. ज्या घरांत तंबाखूला थारा नाही, तेथेही जेवणानंतर सुपारीचा डबा फिरतो, हे ध्यानात घ्यावे.

येथे विचार करावयाचा आहे तो विलंबाचा. बँकेत कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते. परंतु पहिल्या ३० दिवसांतच त्यावर विशेष लक्ष ठेवले जाते. देहाच्या खात्याला आपण एवढीही शिस्त लावत नाही. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा राहिला, आवाज बसलेलाच राहिला किंवा मानेत गाठ आली, तर मलमे बदलत बसू नये. बायॉप्सीने रोग पसरतो, हा समजही निराधार आहे.

दुसरा विलंब निदानानंतरचा. 'दिवाळीचा हंगाम होऊ द्या', 'मार्चअखेर उरकू द्या', 'मुलीचे लग्न पार पडू द्या' ही वाक्ये व्यापारी घरांत सहज निघतात. २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सात प्रकारच्या कर्करोगांवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाल्यास मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. डोके व मान यांच्या कर्करोगांत किरणोपचार लांबल्यासही धोका वाढतो. प्रारंभीच्या अवस्थेत बहुधा एकच उपचार पुरतो. रोग वाढल्यावर शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी अशी साखळी लागते. तेव्हा खर्च वाढतो आणि गिळणे-बोलणेही अवघड होते. दुकान महिनाभर भाऊ-पुतणे सांभाळू शकतात. गेलेला महिना मात्र कोणीही परत आणू शकत नाही.

मोठ्या रुग्णालयांतील प्रतीक्षायादी आपल्या हाती नाही. पुढील गोष्टी मात्र आहेत. घरातील एका जबाबदार व्यक्तीने सर्व अहवालांची फाईल सांभाळावी. दुसरे मत अवश्य घ्यावे, पण आठवड्याच्या आत. किरणोपचारांपूर्वी दात तपासून घ्यावे लागतात; ते काम तपासण्यांबरोबरच उरकावे. विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज लगेच करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगोपचारांचा समावेश आहे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार सांगितले असल्यास ते सहा आठवड्यांच्या आत सुरू होतील, हे पाहावे. जखम भरली म्हणून रोग संपला, असे मानू नये.

उधारी वेळेवर वसूल करणाऱ्या आपल्या समाजाला मुदतीचे मोल निराळे सांगावयास नको. तीच दक्षता घरातील माणसाच्या प्रकृतीबाबत बाळगावी, एवढीच विनंती.