पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

२००८ च्या मंदीतली गोष्ट. आमचे 'हे' तेव्हा धाटावच्या एमआयडीसीत कामाला. ओव्हरटाइम बंद झाला आणि पगार एकदम खाली आला. रोह्याच्या बाजारात जाण्याआधी मी यादी दोनदा तपासू लागले.

एका संध्याकाळी पगाराची चिठ्ठी घेऊन हिशेबाला बसले, तर एक गंमत दिसली. पगाराबरोबर इन्कम टॅक्सही कमी झाला होता! ना अर्ज, ना विनंती. तोटा झाला खरा, पण त्यातला थोडासा आपसूक सरकारच्या अंगावर गेला.

'प्रोफेशन टॅक्स २००' मात्र तसाच होता. "हे कशाला कापतात मेले?" मी चिडून म्हटलं.

माण तालुक्यातल्या माझ्या सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. ह्यांनी त्यांना समजावलं, की हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसवला. नोकरदारांकडून जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. सासूबाईंचा हात थांबला. "बाहत्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढलं. काम निघालं म्हणून पोरं जगली."

मैत्रिणींनो, त्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. पण काम कधी काढायचं, हे सरकार ठरवायचं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता. पाऊस दडी मारतो, बाया काम मागतात, खर्च वाढतो. पाऊस पडला की त्या शेतावर परततात, खर्च आपोआप उतरतो. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला.

पण आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचं कंत्राटी काम त्याच मंदीत सुटलं. पगारच नाही, तर टॅक्स कुठला कमी होणार? आणि रोजगार हमी अंगमेहनतीच्या कामाची, फिटरच्या गेलेल्या पगाराची नव्हे. बिचारीने पाटल्या गहाण ठेवल्या.

सासूबाई तिला म्हणाल्या, "पोरी, तुझ्यासाठी बी कुणाच्या तरी चिठ्ठीत दोनशे कापाय पायजेत."

त्यानंतर त्या दोनशे रुपयांवरून मी कधी कुरकुर केली नाही.