अतिवेगी प्रोसेसरचे उष्णतामान: निदानाची पद्धत

घरगुती संगणकाचा प्रोसेसर निर्मात्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालविणे, ह्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तसे करताना उष्णतामान फार चढू लागले, की बहुधा अधिक मोठा शीतक बसविला जातो. हा उपाय पुष्कळदा निष्फळ ठरतो. उष्णता निर्माण किती होते आणि तिची वाट कोठे अडते, हे दोन प्रश्न त्यात वेगळे केलेले नसतात.

प्रथम निर्मितीचा विचार केला पाहिजे. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात, परंतु विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ३.५ वरून ४.५ गिगाहर्ट्‌झवर नेला आणि त्यासाठी दाब १.०५ वरून १.२५ व्होल्ट करावा लागला. वेग सुमारे २९ टक्के वाढला, तरी ही शक्ती सुमारे ८२ टक्के वाढते. पुष्कळ मदरबोर्ड स्वयंचलित मांडणीत गरजेहून अधिक दाब देतात. म्हणून दाब स्वतः ठरवून, संगणक स्थिर चालेल अशा किमान मूल्यापर्यंत तो टप्प्याटप्प्याने उतरवावा.

दुसरा प्रश्न वाटेचा. प्रोसेसर व खोलीतील हवा ह्यांच्या उष्णतामानांतील फरकास शक्तीने भागले असता मार्गाचा औष्णिक रोध मिळतो. १२० वॅट शक्ती असता ३० अंशांच्या खोलीत प्रोसेसर ९० अंशांवर स्थिरावला, तर रोध दर वॅटला अर्धा अंश होय. तोच संगणक ४० अंशांच्या खोलीत सुमारे १०० अंशांवर जाईल. यास्तव थंड प्रदेशात केलेली मापने नागपूरच्या मे महिन्यास जशीच्या तशी लागू करता येत नाहीत.

रोध कोठे आहे, हे उष्णतामानाच्या चढउतारावरून कळते. भार पडताच ते काही क्षणांत उसळत असेल, भार काढताच तितक्याच वेगाने कोसळत असेल आणि शीतकाची पाती मात्र कोमटच राहत असतील, तर अडथळा चकतीजवळ आहे: लेप सुकलेला, शीतक तिरपा बसलेला, अथवा दोष झाकणाखाली. उलट, ते मिनिटामिनिटाने चढत जाऊन पातीही तापत असतील, तर धूळ, मंद पंखा किंवा पेटीतील कोंडलेली हवा कारण असते. पेटीची बाजू उघडताच उष्णतामान बरेच उतरले, तर कोंडलेल्या हवेचा दोष निश्चित होतो. प्रत्येक तुलनेत भार एकच असावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

झाकणाखालील अडथळ्याचे प्रसिद्ध उदाहरण इंटेलचे आहे. २०११ मधील चार गाभ्यांच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत चकती व धातूचे झाकण डाखाने जोडलेले होते. २०१२ मधील आयव्ही ब्रिजमध्ये डाखाच्या जागी लेप आला आणि चकतीचे क्षेत्रफळही सुमारे २१६ वरून १६० चौरस मिलिमीटरांवर आले. परिणामी, नेमून दिलेली शक्ती ९५ वरून ७७ वॅटपर्यंत उतरूनही, वेग व दाब वाढविताच नवा प्रोसेसर अधिक तापे. बाहेरचा शीतक मोठा केल्याने आतील थराचा रोध कमी होत नव्हता. काही जाणकारांनी झाकण उघडून लेप बदलला, तेव्हा उष्णतामान लक्षणीय उतरले; मात्र त्यात चकती भंगण्याचा धोका असतो व हमीही संपते.

सारांश, शीतकावर खर्च करण्यापूर्वी दाब, रोध व चढउताराचा वेग ह्या तीन गोष्टी मोजाव्यात. प्रोसेसर मर्यादेजवळ पोहोचला, की स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच घटवितो. अशा वेळी वाढविलेल्या वेगाचा लाभ केवळ आकड्यापुरता उरतो.