खोपोली ते खोपोली : दुचाकीवरचे पदार्थविज्ञान

मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना खोपोली ठाऊक असते ती घाट चढण्यापूर्वीचा एक थांबा म्हणून. पण मोठा रस्ता सोडून उत्तरेला वळले, की इथून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतले आडरस्ते सुरू होतात. भातखाचरांमधून, ओढ्यांवरच्या बुटक्या पुलांवरून, डोंगराच्या कुशीतून ते जातात. एखादा मोटारसायकलस्वार एकट्याने सकाळी निघाला, तर खोपोली, पळसदरी, कर्जत, तेथून कोंढाणे लेण्यांच्या पायथ्याचे कोंदिवडे, परत कर्जत, मग चौक, खालापूर असा फेरा करून आणि शेवटी बोरघाट चढून-उतरून दिवेलागणीच्या आत घरी येऊ शकतो. सारे मिळून शंभराच्या आसपास किलोमीटर होतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळायला अजून अवकाश आहे. त्यासाठी वयाची अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. तरीही हा फेरा आपण कागदावर करून पाहू. या शंभर किलोमीटरांत जे जे घडते, ते तुमच्या पुस्तकातील बल, घर्षण आणि ऊर्जा या प्रकरणांच्या बाहेरचे नाही. शिवाय वडिलांच्या, काकांच्या किंवा थोरल्या भावाच्या मागे तर तुम्ही आजही बसताच!

हिशेबासाठी काही आकडे धरू. मोटारसायकलचे वस्तुमान १४० किलोग्रॅम आणि स्वाराचे ६०, एकूण २००. एकटा स्वार घेतला तो मुद्दामच. मागे माणूस बसला की वजन वाढते, गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, आणि मागचा माणूस वळणावर उलट्या बाजूला झुकला तर सगळेच गणित अवघड होते.

हे दोनशे किलो रस्त्याला टेकतात कुठे? दोन टायरांच्या दोन छोट्या जागांवर. प्रत्येक जागा लहान मुलाच्या तळहाताएवढी. वेग घेणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे एवढ्याशा जागांतल्या घर्षणावर चालतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक साधारण ०.७ धरता येतो. म्हणजे वजनाच्या सात दशांश एवढे बल रस्ता टायरला देऊ शकतो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो, आणि चिखल किंवा सुटी खडी असेल तर त्याहूनही खाली. पळसदरीच्या पुढे जुलै महिन्यात ट्रॅक्टर खाचरातून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. हा भाताचा मुलूख आहे. कर्जतचे कृषी संशोधन केंद्र भाताच्या वाणांसाठीच प्रसिद्ध आहे. स्वाराच्या दृष्टीने मात्र त्या चिखलाचा अर्थ एवढाच, की रस्ता दिसायला तोच असला तरी घर्षणांक बदलला.

आता पहिले वळण आले. स्वार वेग कमी करतो आणि आतल्या बाजूला झुकतो. का झुकतो? 'तोल सांभाळण्यासाठी' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. वर्तुळाकार मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला केंद्राकडे खेचणारे अभिकेंद्री बल लागते. मोटारसायकलला ते मिळते टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून. पण हे बल लागते जमिनीशी, आणि गुरुत्वमध्य असतो वर, सुमारे इंजिनाच्या वरच्या भागाच्या उंचीवर. सरळ ताठ बसून वळले, तर हे बल पाय ओढल्यासारखे काम करून गाडी बाहेरच्या बाजूला पाडील. झुकल्यामुळे वजन गाडीला आत पाडू पाहते, घर्षण बाहेर पाडू पाहते, आणि दोघांचा मेळ बसतो.

किती झुकायचे, याचे सूत्र सोपे आहे. वेगाच्या वर्गाला वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले, की झुकण्याच्या कोनाची स्पर्शज्या मिळते. त्रिज्या २० मीटर धरू; डोंगरकडेच्या वळणांवर ती सहज एवढी असते. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेग असेल, तर उत्तर येते ०.१३ आणि कोन जेमतेम ७ अंश. वेग दुप्पट केला, ताशी ३६, तर उत्तर ०.५१ आणि कोन २७ अंश. तिप्पट केला, ताशी ५४, तर १.१५ आणि कोन ४९ अंश.

या आकड्यांतली गंमत अशी, की सपाट रस्त्यावर कोनाची स्पर्शज्या म्हणजेच त्या वळणाला लागणारा घर्षणांक. आता वरचे आकडे पुन्हा वाचा. ताशी ३६ ला मागणी ०.५१. कोरडा रस्ता ०.७ देतो, म्हणून स्वार सुखरूप जातो. त्याच वळणावर, त्याच वेगाने, पाऊस पडून गेल्यावर रस्त्याजवळ देण्यासारखे आहे फक्त ०.४. टायर बाहेर सरकणारच. ताशी ५४ ची मागणी तर कोरडा रस्ताही पुरवू शकत नाही. इथे स्वाराचे कौशल्य, धाडस, गाडीची किंमत यांतले काहीही कामाला येत नाही. वेग दुप्पट झाला की मागणी चौपट होते, हे त्या वर्गाचे काम.

झुकण्याची क्रियाही वाटते तशी साधी नाही. उजवीकडे वळायचे तर हँडल उजवीकडे फिरवावे, असे कोणीही सांगेल. बऱ्यापैकी वेगात असताना प्रत्यक्षात आधी हँडल किंचित डावीकडे जाते! चाके अंगाखालून डावीकडे निघतात, वरचा भार उजवीकडे झुकतो, आणि मग हँडल वळणाच्या दिशेला येते. विमानाच्या शोधापूर्वी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइट यांनी ही गोष्ट ओळखली होती. सायकलस्वारांना विचारले तर त्यांना स्वतःला ती ठाऊक नसते, असा त्यांचा अनुभव होता. मोकळ्या मैदानात सायकल चालवताना उजवी मूठ तळहाताने हलकेच पुढे ढकलून पाहा. सायकल कुठे वळते?

दुचाकी चालताना उभी का राहते, हा प्रश्न तर याहून खोल आहे. फिरणाऱ्या चाकांच्या गायरोस्कोपसारख्या गुणामुळे, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी हा गुण रद्द करणारे उलटे फिरणारे जादा चाक सायकलला बसवले, तरी ती चालवता आली. २०११ साली अमेरिका व नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशी एक सायकल बनवली, जिच्यात गायरोस्कोपचा परिणाम नव्हता आणि पुढच्या चाकाची नेहमीची मांडणीही बदललेली होती. ढकलून सोडल्यावर तीही स्वारावाचून तोल सांभाळत गेली. म्हणजे कोणतेही एकच कारण पुरेसे नाही. १८८५ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवले, तेव्हापासून मोटारसायकली धावत आहेत; त्या उभ्या कशा राहतात यावर अजून शोधनिबंध निघतात.

कर्जतहून चौककडे जाताना वाटेत रेल्वेमार्गाची सोबत असते. फाटक ओलांडताना रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत; ओल्या पोलादावर रबराची पकड जवळजवळ नसतेच. पहिल्या पावसाची पहिली सरही अशीच फसवी. आठ महिन्यांची धूळ आणि तेल त्या थोड्या पाण्यात कालवले जाते आणि रस्त्यावर निसरडा थर बसतो. जोराचा पाऊस तो धुऊन टाकतो, तेव्हा रस्ता उलट थोडा बरा होतो.

चौक जवळ आले की इर्शाळगडाचा सुळका दिसू लागतो. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, सलग मुसळधार पावसानंतर, वरचा दगडमातीचा उतार झोपलेल्या वस्तीवर आला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. दुचाकीच्या लेखात हे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण नियम तोच आहे. उतारावरची माती जागी राहते ती कणाकणांतल्या घर्षणामुळे, आणि घर्षण अवलंबून असते कण एकमेकांवर किती दाबले गेले आहेत यावर. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की त्या पाण्याचा दाब वरचा भार काही अंशी स्वतःच तोलून धरतो. कणांवरचा दाब कमी होतो, घर्षण कमी होते. मातीचे वजन मात्र वाढलेले असते. झिजलेला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो, तेव्हा हेच लहान प्रमाणात घडते. टायरवरच्या खाचा असतात त्या पाण्याला बाजूला वाट देण्यासाठी. पावसाळ्यात या भागातल्या आडरस्त्यावर कडेचा डोंगर माती सोडू लागला, लहान दगड घरंगळताना दिसले, तर स्वाराने तेथे थांबून छायाचित्र काढायचे नसते. मागे फिरायचे असते.

आता थांबण्याचा हिशेब. समोर गुरे आडवी आली, असे समजा. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातो. ताशी ३६ वेगात या एका सेकंदात गाडी १० मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे ७ मीटर, ओल्यावर सुमारे १३ मीटर. वेग दुप्पट, ताशी ७२, केला तर आधीचे अंतर २० मीटर, नंतरचे कोरड्यावर २९ आणि ओल्यावर ५१ मीटर. एकूण ७१ मीटर म्हणजे कबड्डीची पाच मैदाने लांबीने एकापुढे एक मांडल्यासारखे!

ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून खरे काम पुढच्या ब्रेकचे, मागचा मदतीला. 'पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील,' हा गावोगाव मिळणारा सल्ला अर्धाच खरा आहे: पुढचे चाक अचानक जाम झाले किंवा गाडी झुकलेली असताना ब्रेक दाबला, तरच तो घात करतो. घर्षणाचा साठा एकच. वळणात तो वळण्यावर खर्च होत असतो, त्यातूनच थांबण्यासाठी काढायला गेले तर पुरत नाही. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आपल्याकडे १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनांच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून सक्तीची आहे.

हेल्मेटबद्दल कायदा काय म्हणतो ते सर्वांना माहीत आहे. आकडे काय म्हणतात ते पाहू. उभ्या गाडीवरून कलंडले तरी डोके सुमारे दीड मीटरवरून खाली येते आणि रस्त्याला भिडताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो. उघडे डोके तीनएक मिलिमीटरांत थांबले, तर त्यावरचे अवत्वरण गुरुत्वत्वरणाच्या ५०० पट होते. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जाऊन तेच थांबणे २५ मिलिमीटरांत झाले, तर ते ६० पटींवर येते. डोके वाचते ते या दोन-अडीच सेंटिमीटरांमुळे. वरचे कवच कितीही टणक असले तरी आतला थर चेपलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि पट्टा न बांधलेले हेल्मेट तर डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते.

शेवटचा टप्पा बोरघाटाचा. द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई आहे, तेव्हा आपला स्वार जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून जातो. ब्रिटिशांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा इथे सांगतात. १८३० साली हा घाटरस्ता खुला झाला. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चढ सुमारे ५०० मीटरांचा. दोनशे किलो तेवढे वर नेण्यासाठी जवळजवळ १० लाख जूल ऊर्जा लागते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्साच कामी लावते असे धरले, तरी निव्वळ उंचीसाठी अर्धपाव लीटर पेट्रोल पुरते.

उतरताना हे १० लाख जूल परत येतात, आणि ते कुठेतरी जावेच लागतात. सगळे ब्रेकमध्ये गेले, तर त्या उष्णतेने तीन लीटर पाणी उकळीला येईल. तापलेला ब्रेक पकड सोडू लागतो. म्हणून जुने चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागे ओढते. शेजारच्या रेल्वेघाटात, जेथे ३७ मीटरांत एक मीटर चढ आहे, कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने लावतात, आणि उतारावर सुटलेल्या गाडीसाठी चढाचे आडरूळ ठेवलेले आहेत.

याच पाचशे मीटरांचा उपयोग खोपोलीत १९१५ पासून होतो आहे. वळवण, शिरवटा आणि लोणावळा तलावांचे पाणी मोठ्या नळांतून टाटांच्या वीजकेंद्रात उतरते, चक्क्या फिरवते आणि पाताळगंगेला मिळते. काहीच वाया जात नाही असे धरले, तर ७३५ लीटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरले की एक युनिट वीज मिळते. त्याच उंचीवरून दोनशे किलोंची मोटारसायकल उतरते, तेव्हा पाव युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा ब्रेक आणि इंजिन तापवण्यात जाते. विजेवर चालणाऱ्या काही नव्या दुचाकी उतारावर मोटरचेच जनित्र करून यातला काही भाग बॅटरीत परत घेतात. किती घेतात हे घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी बॅटरीचा काटा पाहून मोजता येईल. कोणी मोजले, तर आकडा आम्हाला कळवावा.